सर्व्हर विकत घेऊ नका, रॅम घ्या
"प्रॅक्टिससाठी विंडोज सर्व्हरचं लायसन्स परवडत नाही, क्रॅक कॉपी चालेल का?" असं विचारलंय तुम्ही. अहो, मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्याची इव्हॅल्युएशन (वापरून बघायची) आवृत्ती १८० दिवस फुकट देतं. तेवढ्यात अभ्यास झाला नाही तर दोष लायसन्सचा नाही (अनुभवाचे बोल!).

मी ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाकली होती. आपल्याच कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं हे सॉफ्टवेअर, तेही फुकटच. आधी स्नॅपशॉट (बिघडलं तर परत येण्यासाठी त्या क्षणाची नोंद) घेऊन ठेवायचा आणि मग बिनधास्त मोडतोड करायची. फक्त डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) आणि क्लायंट (त्याला जोडलेला कॉम्प्युटर) एकत्र चालवायचे तर ८ जीबी रॅम रडवते. खर्च करायचाच तर रॅमवर करा. पुण्यातल्या तापकीर गल्लीत लॅपटॉप सोबत न्या, दोन-चार दुकानं फिरा आणि रॅम तिथेच लावून बघा.

सीसीएनएवाल्यांना (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा देणाऱ्यांना) सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर, म्हणजे स्क्रीनवर नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, पुरतो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं मोफत खातं काढलं की मिळतो. लिनक्स शिकायचं तर रेड हॅटचंही वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट आहे.

जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात बघा, पण परीक्षेचा कोड (पुस्तक कोणत्या परीक्षेचं ते सांगणारा क्रमांक) तपासून. मी बंद झालेल्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन आलो होतो. सध्या ते मॉनिटरखाली आहे.