जुन्या ॲल्युमिनियम ट्रेलरवरील पांढुरका थर कसा काढावा?

खाडीकाठ, ऐरोली:
मामांचा 1960 च्या दशकातील एअरस्ट्रीम ट्रेलर (मोटारीमागे ओढायचे अमेरिकी फिरते घर) ऐरोलीत खाडीजवळ बारा पावसाळे उघड्यावर उभा होता. तो आता माझ्याकडे आला आहे. पत्रा निस्तेज झाला असून हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते, आणि काही रिव्हेटांपासून केसांसारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरल्या आहेत. रबाळे एमआयडीसीतील एक बफिंगवाले ग्राइंडरला एमरी लावून दोन दिवसांत आरसा करून देतो म्हणतात. त्यांना काम द्यावे का?

जुना फिटर, ठाणे:
कृपया देऊ नका. हा विमानासारखा पत्रा आहे: आत तांबेमिश्रित मजबूत मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. पत्रा 0.8 मिलिमीटर जाडीचा धरला, तर हा थर प्रत्येक बाजूस सुमारे 0.04 मिलिमीटर भरतो. आरशासारखी चमक त्यालाच येते आणि आतल्या धातूची राखणही तोच करतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. त्यावर एमरी लावल्यास रिव्हेटांच्या डोक्यांवरून आणि पत्र्याच्या कडांवरून तो थर बघता बघता निघून जाईल, आणि उघड्या पडलेल्या मिश्रधातूला खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर खड्डे पडतील.

त्या रेषांकडे मात्र नीट पाहा. असा गंज लेपाखालून, कडेपासून सरपटत जातो. म्हणजे कारखान्यातील पारदर्शक लेप काही ठिकाणी अजून शिल्लक असावा. एका कोपऱ्यात थोडे मेटल पॉलिश लावून पांढऱ्या कापडाने घासा. कापड लगेच काळे पडले, तर धातू उघडा आहे. न पडल्यास लेप आहे, आणि तो ॲल्युमिनियमला चालणाऱ्या पेंट रिमूव्हरने आधी उतरवावा लागेल. कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, कारण तो ॲल्युमिनियमच खातो.

खाडीकाठ, ऐरोली:
तपासून पाहिले. वरच्या गोलाईवर कापड काळे पडले, खालच्या भागावर पडले नाही. लेप उतरवल्यावर कोणते यंत्र वापरावे?

वाशीवाला:
गाड्यांना पॉलिश करण्याचे, वेग कमी-जास्त होणारे मशीन घ्या आणि त्याच्या चकतीवर लोकरीचे बॉनेट, म्हणजे मऊ आवरण, लावून मिनिटाला 1,500 ते 2,000 फेऱ्यांवर, सावलीत, एका वेळी दोन फूट चौरस एवढाच भाग करा. पत्र्यावर हात ठेववत नसेल, तर थांबा. रिव्हेटांभोवती साचणारा काळा मळ कॉर्नफ्लोअर शिंपडून मऊ सुती कापडाने सहज निघतो. स्टील वूल वापरू नका. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तांबूस डाग पडतात.

जुना फिटर, ठाणे:
वाशीवाल्यांशी सहमत आहे. पडलेले खड्डे पॉलिशने भरून येणार नाहीत, आणि त्यांच्या मागे लागून पत्रा घासत बसू नये. मी ते तसेच ठेवीन. काम ऑक्टोबरनंतर सुरू करा, आणि मेअखेरीस मेणाचा हात देऊन ट्रेलर छपराखाली घ्या.