ठिपके हलायला लागले की...
विखुरलेल्या ठिपक्यांतून आपल्याला आकार कसे दिसतात, याचं नेहमीचं उत्तर असं की जवळजवळचे ठिपके मेंदू एक गट धरतो, संपला विषय. बरोबरच आहे, पण ते फारच वरवरचं झालं हो, कारण खरी गंमत हालचालीत आहे. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लोकांच्या खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर छोटे लाईट लावले आणि काळोखात शूट केलं, फक्त लाईटच दिसतील असं. माणूस स्थिर असेल तर नुसते विखुरलेले ठिपके, काही म्हणजे काही कळत नाही, आणि त्याने पाऊल टाकलं रे टाकलं की चालणारा माणूस लख्ख दिसतो! आता यात जवळीक कुठे आली? मनगटाचा ठिपका चालताना मांडीजवळून जातो तरी मेंदू त्याला पायाला जोडत नाही, कोपराशीच जोडतो, कारण त्यांची हालचाल एकमेकांना बांधलेली असते. पानावरचा हिरवा किडा हलेपर्यंत दिसत नाही तेही यातलंच.

कानिझाचा त्रिकोण (पाचर कापलेल्या तीन काळ्या चकत्या कापलेली बाजू आत करून ठेवल्या की मधे न काढलेला त्रिकोण दिसतो, ते चित्र) मात्र वेगळं प्रकरण, तिथे काहीच हलत नाही तरी नसलेल्या कडा दिसतात. तीनपैकी एक कापलेली चकती बोटाने झाकून बघा, त्रिकोण गायब.