उरलेला मसालेभात आणि आमची ‘नियत’

जुना_आचारी : ‘पुण्यातली कार्यालयं, हॉटेलं रोज रात्री टोपच्या टोप ओततात, धंदेवाल्यांची नियत असती तर शहरात एकही माणूस उपाशी झोपला नसता.’ काल इथेच वाचलं आणि डोकं फिरलं. २३ वर्षं केटरिंग करतोय, म्हणून लिहितो.

मसालेभाताचा टोप संध्याकाळी साडेसातला उघडतो. साडेदहाला कळतं, पाव टोप उरलाय. उरलेलं अन्न गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या संस्थेला, म्हणजे अन्नपेढीला, फोन लावला की तिथली पोरं म्हणतात, ‘काका, गाडी हडपसरला आहे, दीड तास लागेल.’ अकराला हॉलवाला दिवे घालवतो. भात गरम ठेवायचा तर ६० अंशांच्या वर हवा, म्हणजे शेगडी चालू आणि माणूस ओव्हरटाइमवर. मे महिन्यात चार तास निवलेला भात मी कुणाच्या लेकराला देऊ? उलट्या झाल्या तर पेपरात नाव कोणाचं येणार?

उरलेलं मागू नका, ताजं मागा. चातुर्मासात मुहूर्त नसतात, भट्ट्या गार, आचारी बसून. शंभर माणसांचा वरणभात सकाळी करून देतो. धान्य मात्र तुमच्या अन्नपेढीचं.

रात्रपाळी : त्या ‘पोरां’तलाच मी एक. काका, साडेदहाला फोन केलात तर गाडी हडपसरलाच असणार! ८०० पानांची ऑर्डर तुम्हाला पंधरा दिवस आधी कळते, मग आम्हाला का नाही? आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्येच उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम काढलेत. पदार्थ काय, कधी शिजवला, एवढं लिहून द्या म्हटलं की निम्मे केटरर फोनच ठेवतात.

गेल्या वैशाखात एकाने अकरा पराती जिलबी दिली. नुसती जिलबी. वस्तीवर एक आजी परातीत वाकून बघून म्हणाल्या, ‘बाळा, मला शुगर आहे रे. आमटी नाही का?’

उगाचच : दोघंही मुद्दा सोडून बोलताय. सगळ्याचं मूळ बुफे. पंगत होती तेव्हा पानात टाकलं तर आजोबा उठू देत नसत.

कढीपत्ता : आणि पानात येत कुठून होतं? माझ्या लग्नात सासरेबुवांनी नको नको म्हणताना चार वाट्या श्रीखंड ओतलं. दोन गाईला गेल्या.

उगाचच : आग्रह ही आपली संस्कृती आहे.

कढीपत्ता : मग उष्टंही संस्कृतीतच धरा.

उगाचच : तुमच्या सासरचं इथे कशाला?

जुना_आचारी : अहो, भांडू नका. पंगतीत उरतं कमी, हे मान्य. एवढं एकच मान्य! पण वाढपी आणा शोधून. पोरं डिलिव्हरीच्या गाड्यांवर गेली. शिवाय पानातलं उष्टं कुणालाच देता येत नाही. प्रश्न टोपातल्याचा आहे.

निवृत्त_कारकून : मुळात हे सरकारचं काम. १९९५ला एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे त्याच टपऱ्यांवर चायनीज मिळायला लागलं. २६ जानेवारी २०२०पासून शिवभोजन, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शिवभोजन केंद्रं चालवणाऱ्यांना बिलांसाठी खेटे घालावे लागले. तिकडे कोणी बोलत नाही, केटररला मात्र धरताय.

वाणसामान : दुकानदाराचंही ऐका. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच)प्रमाणे माल फुकट दिला की त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करा. म्हणजे दान करायचं आणि वर भुर्दंडही सोसायचा.

रात्रपाळी : त्याच कलमात नष्ट केलेला मालही आहे. फेकलात तरी क्रेडिट जातंच. मग फेकण्यापेक्षा द्या ना!

वाणसामान : फेकतो कोण? कंपनीला परत जातो, तेवढी रक्कम आमच्या खात्यात वळती केल्याची क्रेडिट नोट मिळते.

रात्रपाळी : आणि सुटी तूरडाळ? सुटा तांदूळ? त्यावर जीएसटीच नाही. तुमच्यासारख्याच एकाने आम्हाला तारीख संपायला तीन दिवस असलेली क्रीमची बिस्किटं दिली, सहा खोकी. दान करत होता की गोदाम झाडत होता?

वाणसामान : तो मी नव्हे. बरं, महिन्याला दहा किलो डाळ माझ्याकडून. पण पोहोचवायची कोणी? मी गल्ला सोडून येणार नाही.

रात्रपाळी : हेच तर म्हणतोय! मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ला रोटी बँक काढली. त्यांच्याकडे नियत किलोने जास्त नव्हती. सायकल होती, ठरलेला रस्ता होता, ठरलेली वेळ होती. तुमच्या दुकानाचा टेम्पो दुपारी दोन ते चार उभाच असतो. तो आठवड्यातून एकदा द्या. दहा किलो डाळीपेक्षा आम्हाला तो जास्त कामाचा.

वाणसामान : डिझेल?

रात्रपाळी : आमचं.

वाणसामान : मंगळवारी. ड्रायव्हरच्या चहाचं बघा.

जुना_आचारी : माझंही ऐका, म्हणजे ‘नियत’वाल्यांना बरं वाटेल. १२ तारखेला ६०० पानांचं रिसेप्शन आहे. सातला गाडी आणा, वाढायला घ्यायच्या आधी भाताचा एक आणि आमटीचा एक टोप बाजूला काढतो. यजमानांना विचारूनच, पैसे त्यांचे आहेत. चिठ्ठीही लिहीन, अक्षर लागलं तर वाचा. टोप मात्र सकाळी घासून परत हवेत. मागच्या वेळी नुसतं झाकण आलं.

रात्रपाळी : तो टोप आमच्याकडे आलाच नव्हता.

जुना_आचारी : मग झाकण कसं आलं?

उगाचच : १२ तारखेला पंगत आहे की बुफे?