एकाच जहाजाने सहा पाणबुड्या बुडवल्या, हे खरं?

कागदी_गलबत : 'यूएसएस इंग्लंड' (डीई-६३५) ह्या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी युद्धनौकेचं मॉडेल जोडायला घेतलंय. खोक्यावर छापलंय की मे १९४४मध्ये बारा दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या. बकली वर्गाची, म्हणजे ह्याच आराखड्याची, पाणबुड्यांपासून ताफ्याला जपणारी शंभरावर जहाजं बांधली गेली, त्यातल्या बहुतेकांना अख्ख्या युद्धात एकही मिळाली नाही. मग ह्यालाच सहा? आणि पुढे जहाजाचं काय झालं?

दर्यावर्दी : खरं आहे. १९ ते ३१ मे. जपान्यांनी न्यू गिनीजवळच्या ॲडमिरल्टी बेटांच्या उत्तरेला पाणबुड्यांची रांग लावली होती आणि त्यांचे सांकेतिक संदेश अमेरिकेने फोडले होते. पहिली आय-१६ मात्र रांगेतली नव्हती, ती बूगनव्हिल बेटाला रसद नेत होती. ती बुडाल्यावर तांदळाचं पोतं वर आलं!

जुना_सोनारवाला : पत्ता कळला म्हणून पाणबुडी बुडत नाही हो. सोबतच्या 'जॉर्ज' आणि 'रेबी' ह्या जहाजांकडेही तोच पत्ता होता, तीच शस्त्रं होती. ३१ तारखेची सहावी पाणबुडी, आरओ-१०५ बघा. बाकीच्यांनी दिवसभराहून जास्त वेळ मारा केला, सगळा वाया. शेवटी 'इंग्लंड'ला पुढे सोडलं आणि काम झालं. बाकीच्या कप्तानांची तोंडं काय झाली असतील!

मी बरीच वर्षं सोनारवर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर) काढली, म्हणून माझं लक्ष हेजहॉग ह्या शस्त्राकडे जातं. डेप्थ चार्ज, म्हणजे ठरलेल्या खोलीवर फुटणारे बाँब, जहाजाच्या मागून टाकायचे, त्यासाठी पाणबुडीच्या डोक्यावरून जावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच ती सोनारमधून निसटते. वर स्फोटाने पाणी ढवळतं, कानात नुसता गोंगाट. हेजहॉग २४ बाँब पुढे फेकतं, आणि ते आपटले तरच फुटतात. नेम चुकला तर काहीच आवाज नाही. प्रतिध्वनी हातचा जात नाही, लगेच पुन्हा नेम धरता येतो.

९ मे १९४५ला ओकिनावाजवळ कामिकाझे (आत्मघाती) विमान ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षाच्या, खालीच आदळलं. ३७ जण गेले. दुरुस्ती चालू असतानाच युद्ध संपलं, आणि १९४६मध्ये जहाज भंगारात विकलं. नाव इंग्लंड देशाचं नाही बरं का, पर्ल हार्बरला 'ओक्लाहोमा' युद्धनौकेवर मारल्या गेलेल्या एन्साइन (कनिष्ठ नौदल अधिकारी) जॉन चार्ल्स इंग्लंडचं.

कागदी_गलबत : बापरे. हेजहॉगचा तुकडा फारच बारीक म्हणून मी गाळणार होतो. पुढच्या तोफेच्या मागेच बसतो ना?

जुना_सोनारवाला : हो, तिथेच. भिंग घ्या, पण बसवा.