आई बोलत असते आणि माझं लक्ष भलतीकडेच

प्रश्न: इंदूरला माहेरी आलेय. काल आई आत्याच्या ऑपरेशनचं सांगत होती, मी मोबाइल उलटा ठेवला होता तरी मन ऑफिसच्या मेलमध्येच, आणि ती मधेच थांबून म्हणाली "जाऊ दे, दमलीयेस तू". फार लागलं मला. नीट ऐकायचं कसं?

उत्तर: मोबाइल दुसऱ्या खोलीतच ठेव. माणूस मिनिटाला साधारण १२५ ते १५० शब्द बोलतो, डोकं त्याहून जोरात धावतं, म्हणून मन भटकणारच गं. भटकलं की तिच्या शेवटच्या वाक्यावर परत यायचं, बस.

उत्तर: मी बाबांबरोबर सकाळी राजवाड्यापर्यंत पोहे-जिलबी खायला चालत जातो, शेजारी चालताना ते मोकळे होतात. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलंय तसं त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत परत विचारतो. परवा म्हटलं, "म्हणजे रिटायर झाल्यावर एकटं वाटलं का?" बराच वेळ पोह्यांवरची शेव चमच्याने सारत बसले, मी गप्पच राहिलो, मग बोलले. मधे सल्ला मात्र अजिबात द्यायचा नाही.

प्रश्नकर्ती: आज फोन कपाटात ठेवून तिच्याशेजारी मेथी निवडायला बसले, आत्याचं पुढे काय झालं विचारलं. जुडी संपली तरी आई बोलतच होती.