लूपला 'खेप' म्हणावं का?

हापशाची वाट: परभणीजवळच्या गावात रविवारी आठवीच्या मुलांना पायथन ही संगणकाला सूचना द्यायची भाषा शिकवते. त्यात एकच काम पुन्हापुन्हा करून घेण्याला लूप म्हणतात, व्हाइल आणि फॉर हे त्याचे दोन प्रकार. परवा सांगितलं, रांजण भरेपर्यंत हापशावरून घागरी आणायच्या, हे व्हाइल. मोजून पाचच आणायच्या, हे फॉर. एक मुलगी म्हणाली, "म्हंजे बाई, खेपाच की!" उन्हाळ्यात हे काम तिच्याच डोक्यावर असतं. मी वह्यांमध्ये 'लूप म्हणजे खेप' असं लिहून दिलं. सोबतचे सर म्हणतात, खेप म्हणजे ओझं वाहणं, 'आवर्तन' लिहा. काय करू?

गोदाकाठ: सरांचं बरोबर आहे. खेप 'क्षेप'पासून आली, त्यात टाकणं-पाठवणं आहे. आवर्तनात फिरून परत येणं आहे. अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं करतो, २१ खेपा नाही. शास्त्राला नेमका शब्द हवा.

शेवटची चारी: आवर्तन आम्हाला पोथीतून नाही, जायकवाडीच्या कालव्यातून माहीत आहे. आवर्तन सुटलं म्हणजे पाणी सुटलं. मागच्या रब्बीत एक आवर्तन आमच्या चारीपर्यंत पोचलंच नाही, हरभरा वाळला. आमच्या पोरांना या शब्दानं आधी तेच आठवणार.

लातूरची वाघीण: ताई, खेपच ठेवा. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. आमच्या घरी रोज विचारायचे, "आज खेप आली का?" आणि ओझं असलं तर बिघडलं काय? प्रत्येक खेपेला रांजणातलं पाणी वाढतं, म्हणून तर कुठं थांबायचं ते कळतं. रांजण फुटका असला की व्हाइल संपतच नाही. त्याला आम्ही हेलपाटे म्हणतो.

गोदाकाठ: "या खेपेला माफ कर" यात कुठलं ओझं? म्हणजे अर्थ सैल झालाय. सैल शब्द शिकवायला घेऊ नये.

तिफण: उलट, तुमच्याच उदाहरणानं ओझ्याचा आक्षेप गेला! फक्त एक दुरुस्ती. एक खेप म्हणजे लूपची एक फेरी. अख्खा लूप म्हणजे 'खेपा घालणं'. वह्यांमध्ये हे वेगळं करा. आमच्याकडं 'पाळी' पण आहे. रानाला वखराच्या दोन पाळ्या द्यायच्या, एकेका पाळीत वीस-वीस तासं, म्हणजे वखराच्या ओळी, दर तासाच्या टोकाला बैल वळवायचे. लूपच्या पोटात लूप.

हापशाची वाट: दादा, खेपेचं पटलं, वह्या दुरुस्त करते. पण आठवीच्या वर्गात पाळी म्हटलं की मुली खाली बघतात. तो विषय मी मोकळेपणानं शिकवते, पण लूपच्या तासाला नको. आता पुढची अडचण. फॉरला किती खेपा ते सांगणाऱ्या 'रेंज'मध्ये ५ लिहिलं की मोजणी ० ते ४ होते. मुलं म्हणतात, एक खेप कमी भरली.

अधोली: खेपा पाचच होतात, पहिलीचं नाव तेवढं वेगळं. माझी आज्जी खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही. 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. मधे कुणी बोललं की हात वर करून थांबवायची.

तिफण: पण लाभानंतर दोन येतात, शून्यानंतर एक. मुलं जास्तच गोंधळतील.

लातूरची वाघीण: आमच्याकडं 'लाभ' पायलीच्या मापानं मोजतानाच म्हणायचे, निम्म्या पायलीच्या अधोलीला नाही.

अधोली: नाही हो, आज्जी अधोलीनंच मोजायची. तुमचं गाव कोणतं?