विज्ञान दिनाचे 'खुले दिवस' विद्यापीठांनी बंद करावेत का?

खडूफळा
मी नववीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारी आला की शाळांच्या बसगाड्या विद्यापीठं, संशोधनसंस्था गाठतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेलं फूल टेबलावर आपटतात, चुरा होतो, टाळ्या, सेल्फी. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा 'शास्त्रीय कारणे लिहा'. हे बंद करा आणि तीच माणसं शिक्षकांच्या प्रशिक्षणाला लावा.

जुन्नरी
शहरात बसून 'बंद करा' म्हणणं सोपं आहे हो ताई. खोडदला या. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आम्हाला लांबूनच दिसायच्या. आत जायचं तर परवानगी काढा. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मात्र गावोगावच्या शाळा स्वतःचे प्रयोग घेऊन आत जातात. एका पोरीने कांद्याच्या चाळीत दमटपणा वाढला की वाजणारा भोंगा केला होता. तिथले एक शास्त्रज्ञ उकिडवे बसून 'ही वायर इथे का जोडलीस?' विचारत होते, आणि ती त्यांनाच समजावत होती.

खडूफळा
तिला भोंगा शिकवला कुणी? शाळेतल्या सरांनीच ना? मग मी वेगळं काय म्हणतेय?

जुन्नरी
प्रदर्शन नसतं तर सर पोर्शन संपवत बसले असते.

प्रमेयराव
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत सुट्टीत शाळकरी मुलं आठवडाभर शास्त्रज्ञाबरोबर काम करतात, हे उत्तमच. पण शाळा नावं कुणाची पाठवणार? पहिल्या नंबरवाल्यांची! केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतल्या अकरावी-बारावीच्या विज्ञान शिबिरालाही दहावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असावं लागतं. ज्यांना आधीच गोडी आहे त्यांनाच आग्रहाने वाढायचं. निदान खुल्या दिवसाला गुणपत्रिका लागत नाही.

पोस्टकार्ड
खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर सहीनिशी येईल. ना बस, ना बजेट.

खडूफळा
तेच तर! खुल्या दिवशी प्रश्नाला जागाच नसते. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, 'हा नायट्रोजन हवेतलाच का?' स्वयंसेवक म्हणाला, 'लाइन पुढे घ्या.'

जुन्नरी
म्हणजे तक्रार गर्दीची आहे. शाळांना वेळा वाटून द्या म्हणा. दिवस कशाला बंद करायचा?